वाचनाचे पैसे

"संहितेचे वाचन, दोन दिवस, रुपये आठ हजार." गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी जे अंदाजपत्रक आले, त्यातली ही पहिली ओळ. ते मराठी विभागात मोठ्याने वाचले गेले आणि आम्ही सगळेच हसलो. "चित्र काढायचे पैसे समजू शकतो, पण वाचायचे?" असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. हसणाऱ्यांत मीही होतो. घरी येताना बसमध्ये लक्षात आले, की मला स्वतःला गेली अठरा वर्षे जो पगार मिळतो तो दुसऱ्या कोणत्याही कामाचा नसून वाचनाचाच आहे.

अंदाजपत्रक पाठवणारी आमचीच माजी विद्यार्थिनी. मराठी घेऊन बी. ए. झाली, एम. ए. अर्धवट सोडले, मग उपयोजित कलेची पदविका घेतली, आणि आता पुस्तकांची मुखपृष्ठे करते. तिच्याशी माझा एक जुना व्यवहार आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझा समीक्षालेखांचा संग्रह निघायचा होता. प्रकाशक म्हणाले, मुखपृष्ठाचे तुम्हीच पाहा. मी तिला फोन केला. तिने विचारले, "सर, लेख वाचायला मिळतील का?" मी म्हणालो, "अगं, वेळ कुठे आहे? शीर्षकावरून कर काहीतरी." तिने केले. मग मी नऊ वेळा बदल सांगितले. शेवटचा रंग माझ्या मेहुण्याने सुचवला. मानधनाचा विषय मी काढला नाही आणि तिला काढता आला नाही. आणि पुस्तक छापून आले तेव्हा श्रेयपानावर तिचे नाव नव्हते. मुद्दाम गाळले असे नाही. कुणाला आठवलेच नाही. तिला दोन प्रती दिल्या, त्यांतल्या एकीवर "सप्रेम भेट" असे लिहूनही दिले!

हे लेखन माफीनामा म्हणून करत नाही. तिची ती ओळ योग्य होती, एवढेच नव्हे तर मुखपृष्ठकाराच्या धंद्याचे आणि कौशल्याचे सगळे प्रश्न त्या एका ओळीत येऊन मिळतात, असे माझे मत झाले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते समजून घ्यावे, कारण त्यांच्यापैकी काही जण उद्या या धंद्यात जातील, आणि उरलेले बहुतेक जण माझ्यासारखे फुकट मुखपृष्ठ मागायला जातील.

आपण वर्गात 'जेजुरी' शिकवतो. तिचा कवी अरुण कोलटकर (१९३१–२००४) पोटासाठी जाहिरातक्षेत्रात दृश्यकलेचे काम करत होता आणि त्या क्षेत्रातला मानाचा कलावंत होता, हे चरित्रात्मक टिपणात एका वाक्यात उरकतो. 'जेजुरी' १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउस या कवींनीच काढलेल्या प्रकाशनातर्फे पुस्तकरूपात आली. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांना रूप देण्याचे कामही कोलटकरांकडेच होते. मराठीत पाहिले तर चित्र फार वेगळे नाही. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंता होते. कमल शेडगे यांची नोकरी टाइम्स समूहात. र. कृ. जोशी आधी जाहिरातसंस्थेत आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात. (संगणकावर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच.) दीनानाथ दलालांनी मात्र स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि 'दीपावली' काढली, म्हणजे ते स्वतःच व्यावसायिक आणि प्रकाशक झाले.

यातून जे दिसते ते आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे लिहिलेले नाही. मराठी पुस्तकाचे देखणेपण बऱ्याच अंशी दुसऱ्याच कुणाच्या पगारावर उभे राहिले. साबण, सिमेंट, वर्तमानपत्र आणि सरकारी संस्था यांनी कलावंताचे घर चालवले, आणि उरलेल्या संध्याकाळी त्याने आपल्याला मुखपृष्ठ दिले. त्या संध्याकाळी तो कादंबरी वाचू शकत होता, कारण वाचनाचे पैसे कंपनीने नकळत आधीच भरलेले होते. आजच्या मुखपृष्ठकाराला बहुधा अशी नोकरी नाही. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. आपण मात्र त्याच्याशी जुन्याच रीतीने, म्हणजे स्नेह्याकडून उपकार घ्यावा तसे वागतो. परिणाम काय होतो, हे कोणत्याही ग्रंथप्रदर्शनात दिसेल. ग्रामीण कादंबरीवर मावळता सूर्य आणि बैलगाडी, आत्मचरित्रावर पाऊलवाट, स्त्रीवादी लेखनावर अर्धा चेहरा, आणि कवितासंग्रहावर पिंपळपान, तेही जाळी झालेले. ही चित्रे कल्पनेच्या दारिद्र्यातून येतात असे आपण समीक्षकी थाटात म्हणतो. माझ्या मते ती न वाचण्यातून येतात, आणि न वाचणे हे मानधनाच्या आकड्यातून येते.

तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्याला पहिला सल्ला हाच, की वाचन अंदाजपत्रकात वेगळे दाखवा. एकूण आकड्यात ते गुपचूप मिसळले तर ग्राहकाला ते कधीच दिसत नाही, आणि घासाघीस सुरू झाली की आधी तेच जाते. वेगळे दाखवले तर समोरच्याला ते खोडावे लागते. आणि "माझे पुस्तक वाचू नका" असे लेखी कळवणे कोणत्याही लेखकाला जड जाईल.

आता आकडा कसा काढायचा. आपल्याकडे "तिकडे काय देतात?" असे विचारून भाव ठरतो, ही रीत चुकीची आहे. आपल्या खर्चापासून सुरुवात करावी. समजा, घरखर्च महिना चाळीस हजार, आणि संगणक, प्रणाली, वीज, प्रवास यांचे आठ हजार. महिन्यात कामाचे दिवस बावीस. पण फोन, छापखान्याच्या खेपा, वसुली आणि फिसकटलेली कामे वजा केली तर पैसे मिळवून देणारे दिवस बारापेक्षा अधिक नसतात, हे मला तिनेच सांगितले. अठ्ठेचाळीस हजार भागिले बारा, म्हणजे दिवसाला चार हजार. दोन दिवस वाचन, दोन दिवस कच्चे आराखडे, एक दिवस अंतिम काम, एक दिवस दुरुस्त्या व छपाईपूर्व तपासणी : चोवीस हजार. यात आजारपण नाही, बचत नाही, म्हातारपण तर नाहीच.

मराठी प्रकाशक हा आकडा ऐकून खुर्चीवरून उठेल, आणि त्याचेही खोटे नाही. पाचशे प्रतींची आवृत्ती आणि तीनशे रुपये किंमत धरली तरी सगळ्या प्रती विकून दीड लाख होतात. त्यातून विक्रेत्यांचे कमिशन, कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचे मानधन गेल्यावर मुखपृष्ठाला चोवीस हजार कुठून आणायचे? या कोंडीत बहुतेक चित्रकार किंमत उतरवतात आणि काम तेवढेच ठेवतात. इथे ती जे करते ते मला फार शहाणपणाचे वाटते. किंमत उतरवायची तर ती काम उतरवते. चित्र नाही, केवळ अक्षरे. चारऐवजी दोन रंग. तीन आराखड्यांऐवजी एक. वाचन मात्र ती काढत नाही. केवळ अक्षरांचे मुखपृष्ठ म्हणजे गरिबाघरचे मुखपृष्ठ, असा एक समज आहे. कमल शेडग्यांनी नाटकांची नावे ज्या अक्षरांत लिहिली ती ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली असतील, त्यांना तो समज टिकवता येणार नाही.

अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर इथे थोडे थांबायला हवे. मराठी मुखपृष्ठावरच्या सर्वांत जास्त चुका चित्रात नसतात, लिपीत असतात. आणि त्या पकडण्याची पात्रता खरे तर आपल्या विद्यार्थ्यांकडे असायला हवी. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे मणी होतात. देवनागरीत मोठी व छोटी लिपी असा भेद नाही, म्हणून इंग्रजी मुखपृष्ठावर जी उतरंड आयती मिळते ती आपल्याला आकार, जाडी आणि मोकळ्या जागेतूनच उभी करावी लागते. शीर्षक दोन ओळींत आले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन बसतो. यंत्र हे सोडवत नाही, तिथे हातानेच एकेक अक्षर सरकवावे लागते. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींसाठीची रचनाप्रणाली निवडली नाही, तर जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते. अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' मूळचे हिंदी वळणाचे असतात. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा असेल, तर काही फॉन्टांत मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी लागते आणि काहींत तो मिळतच नाही. असा फॉन्ट मराठी शीर्षकाला घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो.

आणि तो चंद्रकोरीसारखा अर्धा र! 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्र एवढे अंतर आहे. 'आचाऱ्यांना' असे लिहायचे तिथे 'आचार्यांना' छापले तर स्वयंपाकघरातले मानधन विद्यापीठात पोहोचते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेली शीर्षके नव्या प्रणालीत उतरवताना हा र हमखास बिघडतो. म्हणून जुन्या आवृत्तीची फाइल आली की तिच्यातला मजकूर रूपांतरित करून न घेता शीर्षक, लेखकाचे नाव आणि मलपृष्ठ पुन्हा टंकलिखित करणे बरे. छापखान्याला देताना अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्याव्यात, पण अक्षरे जिवंत असलेली प्रत स्वतःजवळ जपावी. दुसऱ्या आवृत्तीला "आवृत्ती पहिली" हे शब्द बदलायचे असतात आणि तेव्हा बाह्यरेषा कामाच्या नसतात. फॉन्ट चोरून वापरू नयेत, हे सांगायला नको. 'मुक्ता', 'बालू', 'तिरो देवनागरी मराठी' असे चांगले फॉन्ट आज मुक्त परवान्याखाली मिळतात, त्यामुळे जुनी सबबही उरलेली नाही.

छापखान्यातल्या गोष्टी थोडक्यात. चित्र ३०० डीपीआयचे आणि छपाईच्या चार रंगांत हवे, कडेला तीन मिलिमीटर जादा सोडलेले हवे. कण्याची जाडी गणिताने काढून विश्वास ठेवू नये. त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी बांधणाऱ्याकडून करून घ्यावी आणि मोजावी. बारीक अक्षरे एकट्या काळ्या शाईत ठेवावीत, चार रंग मिसळलेला काळा जरा सरकला की अक्षराला भूत लागते. बारकोड लाल रंगात करू नये, कारण तो वाचणाऱ्या यंत्राचा प्रकाशच सहसा लाल असतो आणि त्याला तिथे काहीच दिसत नाही. शिवाय मुखपृष्ठ आता पहिल्यांदा फोनवर, टपाल तिकिटाएवढे दिसते. तेवढे करून एकदा पाहावे.

कागदपत्रांचा भाग आमच्या माणसांना सर्वांत नकोसा वाटतो. "आपल्यात कसला करार?" हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. चित्रकारांमध्ये असा समज आहे, की काहीच लिहिले नाही तर चित्र आपलेच राहते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्माता हाच पहिला मालक, हे खरे. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले किंवा चित्र रंगवले, आणि त्याविरुद्ध करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा ठरतो. म्हणजे मौन हे इथे चित्रकाराच्या विरुद्ध जाते. संगणकावर जुळवलेले मुखपृष्ठ 'रंगवलेले चित्र' आहे का, यावर वाद घालता येईल. पण असा वाद घालण्याइतके पैसे या धंद्यात कुणाकडे नाहीत. म्हणून एक पानाचे पत्र करावे आणि दोघांनी सही करावी. हक्क कशासाठी दिले ते त्यात नेमके लिहावे : मराठी छापील आवृत्तीसाठी. ई-पुस्तक, अनुवाद, ध्वनिपुस्तक, नाटकाची जाहिरात ही वेगळी कामे आहेत. हक्क लेखी हस्तांतरित केले आणि मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहायचा राहिला तर भारत. हे कलम १९ मध्ये आहे. तिच्या एका मुखपृष्ठाचे चित्र त्या पुस्तकाच्या हिंदी अनुवादावर जसेच्या तसे आले, केवळ रंग पालटलेला होता. तिच्याजवळ दाखवायला पत्र नव्हते, काही व्हॉट्सअ‍ॅप संदेश होते आणि त्यांत "सुंदर झालंय" एवढेच होते.

नावाबद्दल मात्र कायदा उदार आहे. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. मी तिचे नाव गाळले ते केवळ असभ्यपणाचे नव्हते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

पैसे वसूल कसे करायचे? निम्मे आगाऊ, आणि छपाईची फाइल उरलेले मिळाल्यावर. हा नियम एकदा मोडला की तो नियम राहत नाही. काम मध्येच रद्द झाले तर किती, हेही पत्रात असावे. केंद्र शासनाची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही ती करता येते. ती काम सुरू होण्याआधी केलेली असावी. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगविषयक कायद्याप्रमाणे अशा व्यावसायिकाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार करावी असे मी सुचवत नाही. मराठी प्रकाशनव्यवसाय एका मोठ्या वाड्यासारखा आहे आणि जिन्यात रोज गाठ पडते. पण देयकाच्या खाली नोंदणीक्रमांक आणि "देय मुदत पंचेचाळीस दिवस" एवढे छापलेले असले, तरी फोनवरचा सूर बदलतो, असा तिचा अनुभव आहे. आणि कुणी उद्गम कर कापून घेतला तर तो बुडाला असे समजून हळहळू नये. तो आयकराच्या आपल्या खात्यात जमा दिसतो, विवरणपत्र मात्र भरले पाहिजे.

अलीकडे एक नवे उत्तर ऐकू येते : यंत्र दहा मिनिटांत चित्र करून देते, मग तुम्ही कशाला? याला चित्रकार हस्तकौशल्याचे गोडवे गाऊन उत्तर देतात. ते मला पटत नाही. मावळता सूर्य आणि बैलगाडी यंत्र खरोखरच दहा मिनिटांत करील, कदाचित अधिक सफाईने. त्या स्पर्धेत माणूस हरणार आहे आणि हरला तर फारसे बिघडणार नाही. पण संहिता वाचून, तिच्यातली एखादी नगण्य वाटणारी वस्तू उचलून ती मुखपृष्ठावर ठेवायची, आणि ती का ठेवली याचे उत्तर लेखकाच्या डोळ्यांत पाहून द्यायचे, यासाठी कुणीतरी जबाबदारीने वाचलेले असावे लागते. तेव्हा पुन्हा त्याच ओळीपाशी आलो.

आमच्या वार्षिकाचे पुढे काय झाले? बरीच चर्चा होऊन विभागाने अंदाजपत्रक मंजूर केले. चित्र वगळले, दोन रंग ठेवले, वाचन ठेवले. तिने खरोखरच सगळा अंक वाचला. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा आपल्या गावच्या एसटी थांब्यावरचा लेख आम्ही पान ८७ वर, क्रीडा अहवालाच्या मागे टाकला होता. त्यातल्या फळ्यावरच्या अर्धवट पुसलेल्या वेळापत्रकावरून तिने शीर्षकाची अक्षरे लिहिली. तो लेख मी संपादक या नात्याने मंजूर केला होता, वाचला मात्र तिच्या आराखड्यानंतर. आम्ही तो पान ९ वर आणला. संपादकीयात 'दुसर्या' असे पडले होते, तेही तिनेच दाखवले.

श्रेयपानावर या वेळी तिचे नाव आहे. मी स्वतः तीनदा तपासले. उरलेल्या निम्म्या रकमेचा धनादेश मात्र अजून लेखा विभागात अडकला आहे. चौकशी केली तेव्हा तिथल्या बाईंनी अडचण सांगितली : "सर, छपाई आहे, कागद आहे, चहापान आहे. 'वाचन' हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे?"